पडेगावचं विरजण

औरंगाबाद,
२० ऑगस्ट १९९१

प्रिय भिकन,

दुआ.

झालं एकदाचं! काल दुपारी आपल्या कंपायलरने स्वतःलाच कंपाईल केलं. तू विमानात बसताना जे अर्धवट टाकून गेलास ते मी पुरं केलं. आता आपला कंपायलर आपण रचलेल्या भाषेतच लिहिलेला आहे, आणि त्याची पुढची आवृत्ती तो स्वतःच तयार करतो. पास्कल या जुन्या भाषेतली पहिली आवृत्ती मी लगेच पुसून टाकली. फ्लॉप्या कमी होत्या, आणि खरं सांगायचं तर मला थोडा माज आला होता. पडद्यावर एकही चूक येईना तेव्हा आधी वाटलं मशीनच बंद पडलं. मग कॉलेजच्या लॅबमध्ये एकटीच हसत बसले. शिपाई दोनदा डोकावून गेला.

अम्मीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बहोत अच्छा, अब खाना खा ले." तुझी आई दूध घालायला आली होती. मंजुळामावशींनी मात्र माप खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हंजी केलंस काय नेमकं?" मी सांगितलं, मावशी, आपण लिहितो ते मशीनला कळत नाही. मध्ये एक प्रोग्रॅम लागतो, तो आपलं लिहिणं मशीनच्या बोलीत करून देतो. गंमत अशी की तो प्रोग्रॅम बनवायलाही आता तोच लागतो. आधीचा थोडा शिल्लक असला तर नवा होतो, नसला तर नुसतं लिहिलेलं घेऊन बसावं लागतं. मावशी म्हणाल्या, "मंग विरजन म्हन की सरळ. एवढं फिरवून कशाला सांगती?"

दोन वर्षं आपण भाषेला नाव शोधत होतो, भिकन. तुझी ती भारदस्त संस्कृत नावं वहीतच राहू देत. नाव ठरलं.

सोबत एक फ्लॉपी आणि सगळ्या प्रोग्रॅमचं प्रिंटआउट पाठवते आहे. दुसरी फ्लॉपी तुझ्या आईकडे ठेवली, कारण लॅबचं छत गळतं. मावशींनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शिंक्यात दह्याच्या गाडग्याशेजारी ठेवली आहे. उंदीर तिथे पोचत नाहीत म्हणे.

वाळूजला रोज नवी शेड उभी राहते आहे. छोट्या वर्कशॉपवाल्यांना परदेशी कंट्रोलर घेणं जमत नाही. साध्या पीसीवर मोटर चालवायला, थांबवायला, पार्ट मोजायला आपली भाषा त्यांना पुरेल. एका कंपनीच्या साहेबांनी भेटायला बोलावलं आहे, बघू.

प्रोग्रॅमच्या पहिल्या दोन ओळी अशा आहेत: फहमिदा कमरोद्दीन. भिकन सोनाजी. माझं नाव वर आहे, कारण तू पळून गेलास.

तुझी,
फहमिदा आपा

*

एम्स, आयोवा, अमेरिका,
२९ सप्टेंबर १९९१

आपा,

सलाम. पाकीट मिळालं. आपल्या टपालवाल्याने शिक्का बरोबर फ्लॉपीच्या मधोमध हाणला आहे. तारीख अगदी स्वच्छ उमटली आहे. बाकी त्या फ्लॉपीतून काही वाचता येत नाही. प्रिंटआउट मात्र धड आलं. ते उशाशी घेऊन वाचलं. चुकीची ओळ सापडली की तिथेच न अडता पुढे जाऊन बाकीच्या चुकाही दाखवायच्या, हे तू केलंस ते मला जन्मात सुचलं नसतं.

आता एक सांगतो, लगेच भडकू नकोस. इथे विद्यापीठात असे संगणक आहेत की त्यांवर लोक आपले प्रोग्रॅम ठेवून देतात. जगात कुणीही तारेवरून ते उतरवून घ्यावेत. नुसता चालणारा प्रोग्रॅम नाही, आतलं सगळं लिहिणंही. सोबत अटींचा कागद असतो. घ्या, वाचा, बदला, पुढे द्या, पण पुढच्यालाही हीच मोकळीक द्या. मला आधी हा वेडेपणा वाटला. मग लक्षात आलं, मी रोज ज्या कंपायलरवर अभ्यास करतो तो असाच कुणीतरी दिलेला आहे. त्या माणसांना मी कधी पाहिलं नाही. आभार मानायला पत्तासुद्धा माझ्याकडे नाही.

आपणही विरजण असंच जाहीर करूया, आपा. अटींचा कागद मी लिहितो.

मला इथे सगळे बीके म्हणतात. भिकन म्हणजे काय, असं एकदोघांनी विचारलं. मी विषय बदलला. तुझ्या अम्मीला, आमच्या खालाजानला, सलाम.

बीके

*

औरंगाबाद,
१ डिसेंबर १९९१

प्रिय भिकन (बीके नावाच्या कुणाला मी ओळखत नाही),

नाही. जाहीर करायचं नाही.

तुला तिथे बसून सोपं वाटतं. गेल्या वर्षी मी इथल्या परीक्षेच्या निकालाचा प्रोग्रॅम केला, आठवतं? आता तो सुरू केला की पडद्यावर आमच्या विभागप्रमुखांचं नाव येतं. सर म्हणाले, "तसा नियमच आहे, मॅडम." आपल्याच शहरातल्या विद्यापीठाच्या एका नावासाठी लोकांनी घरं जळताना पाहिली, माणसं गेली, पोरं अजून तुरुंग भरताहेत. आणि तू म्हणतोस, कुणीही घ्यावं आणि बदलावं. पहिल्यांदा काय बदलतील ते मी सांगते. वरच्या दोन ओळी बदलतील. मी आयुष्यात एवढी एकच गोष्ट केली आहे जी सर्वस्वी माझी आहे. बरं बाबा, आपली आहे. ती कुणाच्या तोंडावर फेकायला मी तयार नाही.

दुसरं म्हणजे वाळूजचे साहेब खूश आहेत. नव्या विभागात मला घेताहेत, आणि कंपायलरवर नाव आपलंच ठेवतो म्हणतात. त्यांची अट एकच आहे, दुसरी प्रत कुणाकडे नसावी. तसं लिहून द्यायचं आहे. तुझी फ्लॉपी टपालवाल्याने मारली, तुझं प्रिंटआउट तू जपशीलच. राहिली मावशींकडची, ती मी घेऊन येते.

आणि नावाचं म्हणशील तर ऐक. तुझ्याआधीची दोन मुलं राहिली नाहीत. तू झालास तेव्हा मावशी पदर पसरून पाच घरी फिरल्या आणि मागून आणलेल्या कापडात तुला गुंडाळलं. पहिलं घर आमचं होतं. अम्मीने स्वतःचा दुपट्टा फाडून दिला. भिकन म्हणजे मागून जगवलेला, असं त्या लोकांना सांग. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

आपा

*

एम्स,
४ जानेवारी १९९२

आपा,

तुझं पत्र वाचून बराच वेळ बाहेर बर्फात चालत राहिलो. दुपट्ट्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पाच घरं माहीत होती, पहिलं कुठलं ते नव्हतं.

कंपायलर तुझा माझ्याहून जास्त आहे. तू नाही म्हणालीस, विषय संपला. इथे कुणाला काही देणार नाही. नोकरी मिळाली की आईला माझ्यातर्फे पेढे दे.

भिकन

*

औरंगाबाद,
१६ फेब्रुवारी १९९२

भिकन,

तुझ्या आईने माझी नोकरी घालवली. हसू नकोस.

मी पडेगावला तुमच्या घरी गेले. मावशी शेण काढत होत्या. हात धुऊन चहा टाकला, मला बाजेवर बसवलं. मी म्हटलं, मावशी, ती काळी चकती द्या, काम आहे. त्या म्हणाल्या, "ती व्हय? ती दिली की."

"कुणाला दिली?"

"कारभारी हाय ना, भिकनच्या होस्टेलातला. करमाडचा. आला हुता भिकनची खुशाली इचारायला. म्हनला, काकू, भिकनदादानं विरजन केलंय ते बघायला मिळंल का? शिकायचंय मला. मंग दिली."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, मावशी, ती जपून ठेवायला दिली होती, वाटायला नव्हे! त्यावर तुझी आई काय म्हणाली ते शब्दाला शब्द लिहिते. "तूच म्हनलीस ना, विरजन हाय म्हनून? विरजन का कुनी कुलपात ठिवतं? आज माझं नासलं तर मी कुनाच्या दारी जानार? ज्यांना दिलंय त्यांच्याच ना? जपायचं म्हनूनच देत्यात, बाई."

मी रागात होते. नको ते विचारलं. म्हटलं, तो कुठल्या घरचा आहे ते तरी विचारलंत का? तर त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "इचारलं. त्यानं बी सांगितलं, लपवलं नाय. खरं सांगू? दह्याचं गाडगं असतं तर माझा हात अडला असता का, मला ठावं नाय. माझ्या सासूचा तर अडलाच असता. ही काळी चकती. तिला काय इटाळ. दिली."

कारभारीकडे जाऊन फ्लॉपी आणावी तर तो नामांतराच्या सत्याग्रहात पकडला गेलाय, हर्सूलच्या तुरुंगात आहे. त्याने पुढे कुणाला दिली, किती प्रती केल्या, कोण सांगणार? साहेबांसमोर कागद होता. दुसरी प्रत नाही असं लिहायचं आणि सही करायची. मला ते खोटं लिहिता आलं नाही. खरं काय ते सांगितलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, फार नम्रपणे. मी बसने घरी आले.

तू जाहीर करूया म्हणत होतास ना? घे. तुझ्या आईने दारात उभं राहून जाहीर केलंय. आता मला काही दिवस पत्र लिहू नकोस.

फहमिदा

*

एम्स,
१५ मार्च १९९२

आपा,

तू नको म्हणालीस तरी लिहितोय. नोकरीचं वाचून फार वाईट वाटलं. आई चुकली असं मला म्हणवत नाही, आणि तू चुकलीस असंही नाही. एवढ्या दूर बसून मला यात काही करता येत नाही.

पण एक केलं. विरजणाचे आईचे जे नेम आहेत ते आठवून आठवून कागदावर उतरवले. लहानपणी गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या तेव्हा ऐकलेले. मागेल त्याला द्यावं, कशाला पाहिजे ते विचारू नये. ज्याला मिळालं त्यानेही पुढच्याला नाही म्हणू नये. आपल्या दुधाला लावून हवं तसं करावं, पण कुणाकडून आणलं ते सांगावं. दही आंबट झालं तर देणारीला बोल लावू नये. आणि पाचवं, दिवे लागल्यावर विरजण देऊ नये.

आपा, इथल्या वकिलांनी पानंच्या पानं भरून जे लिहिलंय ते सगळं यात आहे. चौथं कलम तर जसंच्या तसं आहे. प्रोग्रॅममुळे काही बिघडलं तर लिहिणारा जबाबदार नाही, हे ते मोठ्या अक्षरात छापतात. तिसऱ्यात मी तुझ्यासाठी एक ओळ वाढवली आहे. आधीच्यांची नावं पुसू नयेत, आपलं नाव त्यांच्याखाली घालावं.

कागद माझ्याकडेच राहील. तू हो म्हणेपर्यंत कुणाला दाखवणार नाही.

भिकन

*

औरंगाबाद,
११ एप्रिल १९९३

प्रिय भिकन,

वर्षभर मी तुला लिहिलं नाही. तुझी मधली पत्रं आली, वाचली, उशीखाली ठेवली. रुसवा लांबला की संपवायचा कसा ते कळत नाही. डिसेंबरात इथे संचारबंदी होती, दूध बंद होतं. ती उठल्याबरोबर आमची पहिली कडी वाजली ती मंजुळामावशींची. त्यांनी अम्मीच्या हातात दुधाची चरवी दिली आणि दोघी दारातच रडायला लागल्या. त्या दिवसापासून मी रुसलेली नव्हते. फक्त तुला कळवलं नव्हतं.

आता ऐक. विरजण संपलं.

मार्चमध्ये लॅबची वीज एकदम वाढून आली, धूर निघाला आणि हार्ड डिस्क गेली. कपाटातल्या फ्लॉप्या काढल्या तर पावसाळ्याची बुरशी आतपर्यंत गेलेली. मधल्या काळात मी केलेल्या सगळ्या सुधारणा कागदावर छापलेल्या आहेत, एकही ओळ हरवलेली नाही. पण कागद घेऊन काय करू? ते लिहिणं ज्याच्यातून काढायचं तो कंपायलरच उरला नाही. पास्कलचा मी माजाने पुसला होता. भांडंभर दूध समोर ठेवून मी बसले होते.

मग जालन्याच्या बसमध्ये बसले आणि करमाडला उतरले.

दुपार होती. कारभारीची आई, आवडाबाई, लिंबाखाली तुरी निवडत होती. मी नाव सांगितलं तशी ती लगबगीने उठली. कारभारी आतून आला. शिक्षण पुरं करून तो आता वाळूजला पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागला आहे, त्या दिवशी सुट्टीवर होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मॅडम, मला कळलं होतं तुमच्या नोकरीचं. सुटल्यावर यायचं होतं, धीर झाला नाही. तुम्ही फ्लॉपी परत न्यायला आलात ना? घेऊन जा."

मी म्हटलं, "परत न्यायला नाही आले. माझं संपलं. थोडं विरजण द्या."

तो बघतच राहिला. त्याची आई मात्र खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मला काही कळेना. मग तीच बोलली. "बाई, या गावात जन्म गेला माझा. आमी कुनाच्या दारी विरजन मागाया गेलो नाय. गेलो असतो तर वरून टाकलं असतं, हाताला हात लागू दिला नसता. आन् आमच्या दारी तर कुनी मागायाच आलं नाय. पोरानं ती चकती आनली तवा म्हनला, आई, पडेगावच्या काकूनं विरजन म्हनून दिली, हातात दिली. मी ती देव्हाऱ्यात ठिवली हुती. आन् आज तू मागाया आलीस."

भिकन, तुरीच्या सुपाशेजारी बसले आणि मीही रडून घेतलं.

कारभारीने त्यात भर घातली आहे. त्यांच्या प्रेस शॉपमध्ये एका पोराची बोटं गेली होती. याने भाषेत एक नवी आज्ञा वाढवली. हात आत आहे असं कळलं की बाकी सगळं सोडून आधी थांबायचं. मी केलेल्या मांडणीत ते बसत नव्हतं, त्याने माझी मांडणी न मोडता बसवलं. मी वाचून त्याला शाबासकी दिली आणि दोन चुकाही काढल्या. सवय जात नाही.

आणि वरच्या ओळी. फहमिदा कमरोद्दीन. भिकन सोनाजी. दोन्ही जागच्या जागी. त्याखाली लिहिलंय: कारभारी कडुबा, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी विचारलं, हे काय? तर लाजून म्हणाला, "तुम्हाला न विचारता घातलं म्हणून. तुम्हाला चालत नसेल तर नाव काढतो."

"नाव काढू नका, प्रश्नचिन्ह काढा," मी म्हटलं.

त्याच्या जुन्या प्रतीवर माझे कागद पुन्हा उतरवायचे आहेत. तो वाचेल, मी टाईप करेन, फक्त रविवारी जमतं, त्यामुळे वेळ लागेल. आणि तुझा तो पाच कलमांचा कागद बाहेर काढ. मी हो म्हणते आहे.

तुझी,
आपा

*

एम्स,
६ जून १९९३

प्रिय आपा,

पत्र लॅबमध्ये उघडलं ही चूक झाली. शेजारचा चिनी मुलगा पाणी घेऊन धावत आला. त्याला वाटलं घरचं कुणी गेलं. मी म्हटलं, नाही रे, परत मिळालं.

पाच कलमं मी इंग्रजीत केली आहेत, मराठीही वर ठेवली आहेत. प्रोफेसरांना दाखवली. पहिली चार त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. पाचव्यावर हसले. म्हणाले, जगात कुठे ना कुठे दिवे लागलेलेच असतात, मग तुमचा प्रोग्रॅम कुणी कधी घ्यायचा? बरोबर आहे त्यांचं, पण नेम आईचा आहे. तो काढायचा अधिकार मला नाही आणि प्रोफेसरांना तर नाहीच. आई म्हणेल तसं. तू एकदा तिला विचार.

अटींच्या वर मी एक ओळ घातली आहे: हे विरजण सर्वप्रथम मंजुळाबाई सोनाजी यांनी पडेगाव येथे, मागितल्याबरोबर दिलं. प्रोफेसर म्हणाले, या कोण? मी सांगितलं, माझी आई. आणि मग माझ्या नावाचा अर्थ सांगितला, पाच घरांसकट. आता इथे मला भिकन म्हणतात. जिभेला जड जातं त्यांच्या, पण म्हणतात.

नवी फ्लॉपी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठव. आणि टपालवाल्याच्या पाया पड.

भिकन

*

औरंगाबाद,
१६ जानेवारी १९९४

प्रिय भिकन,

फ्लॉपी सोबत आहे. पुठ्ठे दोन, त्यावर अम्मीच्या जुन्या रजईचं कापड, त्यावर चारी बाजूंनी "शिक्का मारू नये" असं मराठी, उर्दू आणि इंग्रजीत. तरी मारलाच तर कारभारीकडे एक प्रत आहे, त्याच्या दोन मित्रांकडे आहे, आणि मावशींच्या शिंक्यात एक आहेच. आता मला झोप लागते.

आमचं काम दिवाळीतच संपलं होतं. तुझ्या पाचव्या कलमापायी अडलं होतं. मावशींना मी दोनदा विचारलं. त्या म्हणायच्या, "सासूनं घालून दिलेला नेम हाय, मी कशी मोडू?" मीही मग फार रेटलं नाही.

परवा संक्रांत होती. त्याच दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याचं जाहीर झालं. मराठवाडाही राहिलं, त्याच्या आधी बाबासाहेब आले. कारभारी आईला घेऊन कमानीपर्यंत जाऊन आला. सोळा वर्षं लागली म्हणाला, आणि गेलेल्यांची नावं कुठे लिहिणार ते कुणी सांगत नाही, असंही म्हणाला. पण त्याच्या अंगावर निळा गुलाल होता आणि आवाज बसलेला होता. तिथून ती दोघं तिळगूळ घेऊन पडेगावला आली. मी मावशींकडेच होते.

संध्याकाळ झाली होती. मावशींनी नुकताच दिवा लावून हात जोडले होते. आवडाबाई ओट्याच्या खालीच थांबली. मावशी म्हणाल्या, "वर या की, तिथं काय थांबलाव?" ती वर आली, तिळगूळ दिला, चहा झाला. निघताना तिने पिशवीतून एक छोटी पितळी लोटी काढली. घासून लखलखीत केलेली. म्हणजे ती घरून ठरवूनच निघाली होती. खाली बघत म्हणाली, "मंजुळाबाई, थोडं विरजन घालता का?"

कारभारी एकदम म्हणाला, "आई, दिवे लागलेत, आत्ता नसतं मागायचं." ती बिचारी लोटी पदराखाली घ्यायला लागली. "मला ठावं नाय बाई ते," म्हणाली. "कधी मागितलंच नाय, तर नेम कसे ठावं असनार?"

मावशी दिव्याकडे बघत राहिल्या. मला आठवलं त्या चुलीकडे बघत काय म्हणाल्या होत्या, दह्याचं गाडगं असतं तर हात अडला असता का, मला ठावं नाय.

मग त्या उठल्या. शिंक्यातलं गाडगं काढलं, आवडाबाईचा हात धरून लोटी पदराबाहेर घेतली, आणि एका हाताने तिचा हात धरूनच दुसऱ्याने पळीभर दही आत घातलं. वर मलईची कड आली तीही घातली. म्हणाल्या, "दूध कोमट असताना लावा. लई तापलेलं नगं. आन् माझं नासलं तर मी तुमच्याकडं येईन हां, करमाडला."

आवडाबाई म्हणाली, "या. नक्की या."

ती गेल्यावर मी विचारलं, मावशी, सासूबाईंचा नेम? त्या दिव्याची वात सारत म्हणाल्या, "सासू लई गोष्टीला नाय म्हनायची. तुझ्या अम्मीच्या दुपट्ट्याला बी म्हनली हुती. तवा ऐकलं असतं तर भिकन कुठला राह्यला असता?"

तेव्हा ते पाचवं कलम काढून टाक. तुझ्या आईने मोडलंय. मग विरजण तिथल्या संगणकावर सगळ्यांसाठी ठेवून दे.

तुझी,
आपा